शहराची वाढ आणि पाण्याची वाट

महसूल खात्यात नव्याने दाखल झालेल्या अधिकाऱ्याला आरंभी जे धडे गिरवावे लागतात, त्यांत गावचा नकाशा वाचण्याचा धडा महत्त्वाचा असतो. शेताच्या हद्दी, गाडीवाट, गायरान, स्मशान, ओढा, तलाव ही सारी त्या कागदावर आपापल्या खुणांनी दाखविलेली असतात. त्या नकाशाला जोडून असलेल्या दप्तरात प्रत्येक तुकड्याचे क्षेत्र आणि आकार लिहिलेला असतो. ज्या जमिनीत पीक निघत नाही तिला आमच्या दप्तरात 'पोटखराबा' म्हणतात. खडकाळ माळ हा जसा पोटखराबा, तसेच ओढ्याचे पात्र आणि तलावाखालची जमीन हीही पोटखराब्यातच पडतात. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मोजणीची आणि आकारणीची जी पद्धत घालून दिली, तीच पुढे मुंबई इलाख्यात रूढ झाली आणि तिच्याच धर्तीची पद्धत म्हैसूर संस्थानानेही स्वीकारली. त्यामुळे कर्नाटकातील महसुली दप्तरांतही 'खराब' हा शब्द आजतागायत नांदत आहे.

या पद्धतीने जमिनीला एकच प्रश्न विचारला : तुझ्यात पिकते किती आणि त्यावर सारा किती बसवावा ? शेतीवर जगणाऱ्या देशात राज्यकर्त्यांनी हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. परंतु ज्या जमिनीपासून सारा मिळत नाही ती 'खराब', अशी नोंद शंभर-दीडशे वर्षे होत राहिली म्हणजे ती जमीन खरोखरच निरुपयोगी आहे अशी समजूत मनात घर करते. पुढे गावाचे शहर होऊ लागते, जागेला सोन्याचा भाव येतो, आणि मग सर्वांची दृष्टी प्रथम वळते ती या 'रिकाम्या' जमिनीकडेच. गायराने, तळी, ओढे, दलदली एकामागून एक कामी लावल्या जातात. त्या मुळात रिकाम्या नव्हत्या, त्यांचे काही काम चालू होते, हे ध्यानात येते ते एखाद्या पावसाळ्यात, घरात कमरेइतके पाणी शिरल्यावर.

या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक गोष्ट प्रथम सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या ठिकाणी प्रांताधिकारी होतो. गावालगतच्या एका शेतजमिनीस अकृषिक परवानगी मिळावी असा अर्ज माझ्यापुढे आला. कागदपत्रे बिनचूक होती. नकाशात शेताच्या एका कडेने ओढ्याची निळी रेघ होती, म्हणून मी स्वतः स्थळपाहणीस गेलो. महिना मार्चचा. ओढ्याच्या जागी बाभळीची चार झुडपे, थोडी वाळू आणि शेळ्यांच्या पावलांची वाट, एवढेच दिसले. सोबतच्या तलाठ्याने "पावसाळ्यात थोडं पाणी येतं, साहेब," असे सांगितले. मी ते ऐकले आणि नियमाप्रमाणे अंतर सोडण्याची अट घालून परवानगीवर सही केली. ती अट पुढे कोणी पाहिली नाही. मीही बदलून गेलो. काही वर्षांनी त्याच गावावरून जाण्याचा योग आला. तेथे एक टुमदार वसाहत उभी होती. एका निवृत्त शिक्षकांनी मला घरात बोलावले, चहा दिला आणि भिंतीवरचा एक मातकट पट्टा दाखविला. मागल्या वर्षी पाणी इथवर चढले होते, असे ते म्हणाले. आयुष्याची पुंजी घालून त्यांनी ते घर घेतले होते. परवानगी कोणाच्या सहीची होती हे त्यांना ठाऊक नव्हते. मी ते सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तुम्ही तरी काय करणार ? नकाशात पाणी कुठं दिसतं ?" त्यांचा हा उदारपणा मला आजही बोचतो, कारण नकाशात पाणी दिसत होते. त्या रेघेचा अर्थ मी उन्हाळ्यात लावला, एवढाच काय तो फरक.

शेताची वसाहत होते तेव्हा नेमके काय बदलते, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. एक एकर जमिनीवर दोन इंच पाऊस पडला तर सुमारे दोन लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरांचे वीस टँकर भरतील इतके. नांगरलेल्या वा गवताळ जमिनीत यातील बराच भाग मुरतो, काही भाग पाने आणि माती धरून ठेवतात आणि उरलेले पाणी रमतगमत ओढ्याकडे जाते. त्याच एकरावर छपरे, फरशी आणि डांबर आले म्हणजे जवळजवळ सर्व पाणी वाहून निघते. आणि निघते तेही तासाभरात, सगळे मिळून एकदम. म्हणजे ओढ्यावरचा भार वाढतो त्याच वेळी ओढ्याची रुंदी मात्र आपण कमी केलेली असते. दुसरीकडे, जे पाणी मुरावयाचे ते मुरले नाही म्हणून उन्हाळ्यात विहिरी आटतात. एकाच शहरात सप्टेंबरात पूर आणि मार्चमध्ये टंचाई, हे कोडे अनेकांना निसर्गाची लहर वाटते. वस्तुतः ती एकाच हिशेबाची जमा आणि खर्च अशी दोन पाने होत.

या हिशेबाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बेंगळूरु. १५३७ च्या सुमारास केंपेगौडाने वसविलेले हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर, एका डोंगरधारेच्या माथ्यावर बसले आहे. माथ्यावरचे पाणी एका बाजूने अर्कावतीमार्गे कावेरीला मिळते आणि दुसऱ्या बाजूने दक्षिण पिनाकिनीला जाते. शहराजवळ बारमाही मोठी नदी नाही. पाऊस बेताचाच, वर्षाकाठी पस्तीस-चाळीस इंच. अशा ठिकाणी नगर वसवायचे तर पावसाचे पाणी अडविल्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून तेथील लोकांनी पिढ्यान् पिढ्या दऱ्यांच्या उतारावर एकाखाली एक असे तलाव बांधले. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्यावरचे पाणी ओढ्याने खालच्या तलावात उतरे, तो भरला की त्याखालच्यात. या मोठ्या ओढ्यांना तेथे 'राजकालुवे' म्हणतात. पाण्याची पाळी राखणारा 'नीरगंटी' हा गावचा वतनदार असे. आपल्याकडील पाटकऱ्याचाच तो भाऊ. १६३८ नंतर हा प्रदेश शहाजीराजांच्या जहागिरीत होता, हे महाराष्ट्रीय श्रोत्यांना स्मरत असेलच. राज्ये बदलली, पण पाण्याच्या या साखळीला कोणी हात लावला नाही, कारण भात, भाजीपाला, गुरे आणि घरातले पिणे हे सर्व तिच्यावर अवलंबून होते.

साखळी तुटली ती तलावांवाचून भागेल असे शहराला वाटू लागल्यावर. १८९० नंतरच्या दशकात हेसरघट्टा येथून नळाने पाणी आले, १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण झाले आणि १९७४ पासून कावेरीचे पाणी येऊ लागले. नळ आला ही चांगलीच गोष्ट झाली; त्याने रोगराई हटली आणि बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली. पण पाणी दुरून येऊ लागताच जवळच्या तलावाचा पिण्याच्या पाण्याशी संबंध सुटला. भोवतालच्या शेतात घरे आली तेव्हा सिंचनाशीही संबंध सुटला. ज्याचे पाणी कोणी पीत नाही आणि कोणी शेताला घेत नाही, असा तलाव दप्तराच्या दृष्टीने केवळ एक खड्डा उरतो. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज शहराचे मध्यवर्ती बसस्थानक आहे. संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण उभे आहे. शूळे तलावावर फुटबॉलचे मैदान झाले, अक्कितिम्मनहळ्ळीच्या तलावावर हॉकीचे. यांपैकी एकही काम कोणा दुष्टाने केलेले नाही. बसस्थानक हवे होते, मैदानेही हवी होती, आणि सरकारी मालकीची मोकळी सपाट जागा दुसरीकडे नव्हती. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर समंजस वाटतो; त्यांची बेरीज मात्र घातक ठरली.

या बेरजेचे मान पाहा. १९५१ साली बेंगळूरुची लोकसंख्या सुमारे पावणेआठ लाख होती. २०११ साली ती सुमारे पंच्याऐंशी लाख झाली. भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी उपग्रहचित्रांवरून केलेल्या पाहणीत १९७३ साली आजच्या शहरहद्दीतील सुमारे ८ टक्के जमीन बांधकामाखाली असल्याचे दिसते; चार दशकांनंतर हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलेले होते. शहराच्या आग्नेयेस बेळ्ळंदूर नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. कित्येक लहान तलावांची साखळी त्याच्यात येऊन मिळते. वरून पावसाचे पाणी येण्याऐवजी तेथे सांडपाणी येऊ लागले. साबणाच्या द्रव्यांमुळे त्याच्या सांडव्यावर फेसाचे डोंगर चढले, वाऱ्याने ते रस्त्यांवर उडू लागले आणि २०१५, २०१७ व २०१८ या वर्षांत या तलावाला चक्क आग लागली. तलावाला आग लागणे ही कल्पना आपल्या पूर्वजांच्या पुराणकथांतही शोभली असती; ती आपण वर्तमानपत्रांत वाचली.

सप्टेंबर २०२२ मध्ये याच भागात मोठा पाऊस झाला. बाह्य वळणरस्त्यालगतच्या कचेऱ्या आणि आलिशान वसाहती पाण्याखाली गेल्या. संगणकाच्या क्षेत्रातील नामांकित कंपन्यांत काम करणारी मंडळी त्या दिवसांत ट्रॅक्टरवर बसून कामाला गेली. शेते जाऊन जेथे काचेचे मनोरे आले, तेथे माणसांना बाहेर काढण्यासाठी शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागला, यात मला मोठा अर्थ दिसतो. त्यानंतर दीड वर्षाने, २०२४ च्या मार्च महिन्यात, त्याच शहरातील सुमारे चौदा हजार सरकारी विंधनविहिरींपैकी जवळजवळ निम्म्या आटल्याचे राज्यशासनाने सांगितले. आज बेंगळूरुची मुख्य मदार आहे ती सुमारे शंभर किलोमीटरांवरून आणि जवळजवळ पाचशे मीटर उंच चढवून आणलेल्या कावेरीच्या पाण्यावर. एवढे पाणी चढविण्यास लागणारी वीज हा खर्च वेगळाच. ज्या अर्कावतीवर शहर पूर्वी विसंबून होते, तिच्या पाणलोटातही वस्ती, विंधनविहिरी आणि निलगिरीची लागवड वाढली आणि तिचा ओघ आटत गेला.

पाण्याबरोबर हवाही बदलते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास जी उष्णता खर्च होते ती सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी भरते. झाडे, ओली माती आणि तळी दिवसभर पाण्याची वाफ करीत असतात, म्हणजेच भोवतालची उष्णता शोषून घेत असतात. ती गेली आणि त्यांच्या जागी काँक्रीट आले, की तीच उष्णता दिवसा साठते आणि रात्री हळूहळू बाहेर पडते. शहरातील रात्र भोवतालच्या खेड्यांपेक्षा उबदार असते, हे लंडनच्या बाबतीत ल्यूक हॉवर्ड या निरीक्षकाने दोनशे वर्षांपूर्वीच नोंदून ठेवले होते. आपल्या शहरांत हा फरक सर्वांत अधिक कोणाला जाणवतो ? पत्र्याच्या छपराखाली निजणाऱ्याला. पुराचे पाणी प्रथम ज्याच्या झोपडीत शिरते तोही बहुधा तोच असतो, कारण ओढ्याचा काठ ही शहरातील सर्वांत स्वस्त जागा असते.

बेंगळूरुची ही कथा एकट्या त्या शहराची नव्हे. चेन्नईतील त्यागरायनगर ही गजबजलेली वस्ती १९२० नंतरच्या दशकात एका लांबलचक तलावाचे पाणी काढून वसविली गेली. त्या भागातील एका रस्त्याचे नाव अद्याप 'लेक व्ह्यू रोड' असे आहे; रस्ता आहे, नावही आहे, पाहण्याजोगा तलाव मात्र नाही. शहराच्या दक्षिणेकडील पळ्ळिकरणैची दलदल अशीच आक्रसत गेली. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तिचे जलाशय कोरडे पडले. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नावाची नदी आपल्या शहरात आहे हे कित्येक मुंबईकरांना प्रथमच कळले. भरावाने आणि वस्तीने आवळलेली ती नदी तोवर त्यांना नाला म्हणूनच ठाऊक होती.

मात्र सर्वत्र अशीच निराशा आहे असे नाही. कोलकात्याचे उदाहरण मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. त्या शहराचा उतार हुगळीकडे नसून पूर्वेकडे, पाणथळ प्रदेशाकडे आहे. शहराचे सांडपाणी कालव्यांनी तिकडे जाते. तेथील कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी हे पाणी उथळ तळ्यांत पसरवून घेण्याची कला अनुभवाने साधली. उन्हात शेवाळ वाढते, शेवाळावर मासे पोसतात, पाणी निवळते आणि पुढे ते भाताला मिळते. १९६० नंतरच्या दशकात याच प्रदेशाच्या एका भागावर हुगळीतला गाळ टाकून साल्ट लेक हे उपनगर उभारण्यात आले. उरलेल्या भागाचेही तेच झाले असते. परंतु ध्रुवज्योती घोष या सरकारी सेवेतील अभियंत्याने १९८० नंतरच्या दशकात शहराचे सांडपाणी जाते तरी कोठे, याचा प्रत्यक्ष जाऊन माग काढला. ज्याला सगळे दलदल म्हणत होते ते वस्तुतः शहराचे सांडपाणी निवळविणारे आणि शहराला मासळी व भाजी पुरविणारे एक कार्यालयच होते. त्याला इमारत नव्हती, पगारपत्रक नव्हते, एवढेच. १९९२ साली उच्च न्यायालयाने या जमिनीच्या वापरात बदल करण्यास मनाई केली. २००२ साली सुमारे साडेबारा हजार हेक्टरांचा हा प्रदेश रामसर कराराच्या यादीत गेला आणि २००६ साली राज्याने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. अतिक्रमणाचा ताण तेथे आजही आहे. तरी पण त्या जमिनीचे काम कागदावर आले, हा लाभ लहान नव्हे. घोष २०१८ साली निवर्तले. सरकारी नोकराने कसे पाहावे याचा वस्तुपाठ म्हणून मला त्यांची आठवण होते.

आता कोणी म्हणेल, की माणसांनी राहावे कोठे ? हा आक्षेप वाजवी आहे. १९५१ साली देशातील शंभर माणसांपैकी सुमारे सतरा शहरांत राहत. २०११ साली एकतीस राहत होती, आणि ही संख्या वाढणार. खेड्यातला तरुण शहराकडे येतो तो हौसेने नव्हे, पोटासाठी. त्याला घर मिळालेच पाहिजे. शहरे वाढू नयेत असे सांगणे हे आरामखुर्चीतले शहाणपण होईल. प्रश्न आहे तो कोणत्या जमिनीवर वाढावे आणि कोणती जमीन सोडावी, एवढाच. ओढ्याचे पात्र आणि त्याच्या दोन्ही कडा, तलाव आणि त्याकडे येणारी वाट, पाणथळ सखल भाग, ही एकंदर क्षेत्राच्या मानाने थोडीच जमीन असते. ती सोडली म्हणून घरे कमी पडत नाहीत. ती बुजविली तर मात्र उभी असलेली घरेही राहण्याजोगी उरत नाहीत.

यासाठी काही अपूर्व उपाय शोधावयाचे आहेत असेही नाही. बेंगळूरुतीलच जक्कूर तलावात शुद्ध केलेले सांडपाणी प्रथम पाणवनस्पतींतून गाळून सोडले जाते आणि तलाव बारमाही भरलेला राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हिंचलाल तिवारी यांच्या खटल्यात आणि पुन्हा २०११ साली जगपालसिंग यांच्या खटल्यात तळी व गावच्या सामाईक जमिनी राखण्याबद्दल निःसंदिग्ध निर्णय दिले आहेत. म्हणजे ज्ञान आहे, कायदाही आहे. उणीव आहे ती दृष्टीची. 'पोटखराबा' या सदरापुढे 'पाण्याची वाट' असे दोन शब्द लिहावेत, आणि अशा जमिनीची स्थळपाहणी मार्चमध्ये न करता ऑगस्टमध्ये करावी, एवढे जरी आम्ही कचेरीत बसणाऱ्यांनी केले तरी पुष्कळ साधेल. नागरिकांनीही घर घेताना मजले आणि सज्जे पाहण्याआधी गावचा जुना नकाशा मागावा आणि आजूबाजूच्या वृद्धांना विचारावे, की येथे पूर्वी काय होते ?

वृद्धांची आणि रूढीची स्मृती कधी कधी दप्तराहून चिवट असते. बेंगळूरुचा संपंगी तलाव बुजला. पण 'करग' या तेथील प्राचीन उत्सवातील विधी त्या तलावाच्या काठी होत असत. पूर्वी त्याच पाण्यावर भाजीपाला आणि फुले पिकविणाऱ्या तिगळ समाजाचा तो उत्सव. विधीसाठी पाणी तर हवेच. म्हणून क्रीडांगणाच्या शेजारी त्या अफाट तलावाचे एक चिमुकले तळे राखून ठेवले आहे. दरवर्षी चैत्रात तेथे दिवे लागतात, माणसे जमतात आणि जेथे पाणी होते त्या जागेची आठवण काढून जातात. माझ्या त्या तालुक्याच्या गावी असे तळेही उरलेले नाही. तेथे आहे ती निवृत्त शिक्षकांच्या भिंतीवरची मातकट रेघ. आणि नकाशातल्या निळ्या रेघेइतकीच तीही खरी आहे.